क्नीबिसच्या नतालीसाठी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला खुले पत्र

फ्रॉइडेनश्टाट, जर्मनी
नोव्हेंबर 2025

आदरणीय अध्यक्ष किर्स्टी कोव्हेंट्री आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची. गेली नऊ वर्षं जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला ब्लॅक फॉरेस्ट म्हणतात त्या डोंगरपट्ट्यात, एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये तुमच्या समितीचं अधिवेशन मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात भरलं होतं. त्या अधिवेशनात तुम्ही जे ठरवलंत, त्याचा या पत्राशी संबंध आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. दुसरं असं की, इथल्या बर्फातल्या एका मुलीवर होत असलेला अन्याय माझ्या भाषेतल्या माणसांनाही कळावा, असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे दुभाषे आहेत, तेव्हा पत्र वाचायला अडचण येऊ नये.

त्या मुलीचं नाव नताली आर्मब्रुस्टर. जन्म 13 जानेवारी 2006 चा. गाव क्नीबिस. हे फ्रॉइडेनश्टाटचंच डोंगरमाथ्यावरचं खेडं, आणि तिथल्याच छोट्या स्की क्लबची ती खेळाडू. तिचा खेळ नॉर्डिक कम्बाइंड, म्हणजे स्कीवरची उडी आणि स्कीवरची लांब शर्यत मिळून एक खेळ. फेब्रुवारी 2023 मध्ये स्लोव्हेनियातल्या प्लानित्साला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा सतराव्या वर्षी तिने वैयक्तिक रौप्यपदक जिंकलं. 2024-25 च्या हंगामात ती विश्वचषक मालिकेची एकूण विजेती ठरली आणि स्फटिकाचा तो मोठा गोल एकोणिसाव्या वर्षी तिच्या हातात आला. हा मान मिळवणारी ती पहिली जर्मन स्त्री. येत्या फेब्रुवारीत इटलीत हिवाळी ऑलिम्पिक आहे. नॉर्डिक कम्बाइंडच्या तीन शर्यती तिथे होतील आणि तिन्ही पुरुषांच्या असतील. जगातली अव्वल खेळाडू, वय वर्षं वीस, पाय धडधाकट, आणि तरी ती घरी. कारण तिच्या खेळात मुलींसाठी दारच नाही. हिवाळी ऑलिम्पिकमधला स्त्रियांना बंद असलेला हा एकमेव खेळ उरला आहे.

मराठी वाचकांसाठी खेळाबद्दल थोडं सांगते, कारण सांगलीत असताना मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. आधी उडी. उंच मनोऱ्यावरून बर्फाळ घसरणीने खाली यायचं, टोकाशी झेप घ्यायची, हवेत अंग स्कीवर झोकून द्यायचं आणि शंभर मीटरच्या आसपास खाली उतरायचं. अंतराचे गुण, शैलीचे गुण, वाऱ्याची वजाबाकी-बेरीज. त्याच दिवशी, त्याच पायांनी, पुढे क्रॉस-कंट्रीची, म्हणजे बर्फावरून स्कीवर धावण्याची शर्यत. पुरुष साधारण दहा किलोमीटर धावतात, मुली पाच. उडीतल्या गुणांचे सेकंद होतात, एका गुणाला चार सेकंद. उडीत पहिला आलेला सगळ्यात आधी निघतो, बाकीचे आपापल्या फरकाने मागून सुटतात, आणि रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकला. ही पद्धत गुंडर गुंडरसन या नॉर्वेजियन माणसाने घालून दिली. तिची खुबी अशी की, शेवटी कुणाला आकडेमोड करावी लागत नाही. सात वर्षांचं पोर आणि ऐंशी वर्षांचे आजोबा दोघांनाही पुढे कोण आहे ते डोळ्यांनी दिसतं.

उडीला हलकं अंग आणि स्प्रिंगसारखे पाय लागतात. धावायला फुप्फुसं, काळीज आणि दम लागतो. एक वाढवायला गेलं की दुसरं घटतं. पैलवानाला मॅरेथॉन धावायला सांगावं, तशातला हा प्रकार. म्हणून उत्तरेकडच्या देशांत दोन्ही साधणाराच खरा स्कीवाला मानत आले. 1924 साली शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिम्पिक झालं, तेव्हापासून हा खेळ त्यात आहे.

आमच्या वृद्धाश्रमात एक आजोबा आहेत, ऐंशीचे. 1960 साली ते पंधरा वर्षांचे होते. त्या वर्षी अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीत गेओर्ग टोमाने नॉर्डिक कम्बाइंडचं सुवर्ण जिंकलं. तोवर हे सुवर्ण उत्तरेकडच्या देशांबाहेर कधी गेलंच नव्हतं. टोमा इथलाच, हिंटरत्सार्टेनचा पोस्टमन, हिवाळ्यात स्कीवरून टपाल वाटणारा. आजोबांना कालची जेवणाची वेळ आठवत नाही. पण टोमाचं नाव काढलं की खुर्चीत ताठ बसतात आणि त्या दिवशी रेडिओभोवती कोण कोण बसलं होतं ते नावानिशी सांगतात. त्यांच्याकडूनच मी हा खेळ शिकले. हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी आमच्या भोजनगृहात टीव्ही लागतो, मी औषधांची ट्रे घेऊन मागे उभी असते आणि ते मला समजावत असतात, ‘श्वेस्टर (म्हणजे सिस्टर), आता बघा, चढावर बघा.’

तुमच्या समितीने या खेळाला लोकप्रियता कमी असल्याचं म्हटलं आहे, म्हणून जर्मनीतली लोकप्रियता कशी घडली ते सांगते. टोमा 1960 मध्ये जर्मनीचा वर्षाचा सर्वोत्कृष्ट क्रीडापटू निवडला गेला. 1968 मध्ये ग्रेनोबलला जिंकलेला फ्रान्त्स केलर, 2005 मध्ये रॉनी आकरमान आणि 2017 मध्ये योहानेस रिड्झेक यांनाही तो मान मिळाला. ही निवड क्रीडापत्रकार करतात, आणि ज्या देशात फुटबॉलपुढे बाकी कशाला जागा मिळणं कठीण, तिथे चारदा या खेळाचा माणूस निवडला गेला. तिकडे पूर्व जर्मनीच्या उलरिश वेलिंगने 1972, 1976 आणि 1980 अशी सलग तीन वैयक्तिक सुवर्णं मिळवली होती.

आणि एरिक फ्रेंझेल. सॅक्सनीतल्या एर्ट्सगेबिर्गे डोंगरातला हा मुलगा. विश्वचषक मालिका त्याने 2013 ते 2017 सलग पाच वेळा जिंकली. सोचीत 2014 ला सुवर्ण, प्याँगचँगला 2018 मध्ये त्याच प्रकारात पुन्हा सुवर्ण. प्याँगचँगच्या उद्घाटनाला जर्मनीचा झेंडा कुणी धरायचा हे लोकांची आणि खेळाडूंची मतं घेऊन ठरलं, आणि निवड फ्रेंझेलची झाली. 2022 मध्ये बीजिंगला पोचल्यावर त्याला कोविड झाला. कितीतरी दिवस खोलीत बंद. बाहेर आल्यावर सांघिक शर्यतीत उतरला, आपला टप्पा पूर्ण केला आणि रेषेपलीकडे बर्फात कोसळला. संघाला रौप्य मिळालं. आमच्या भोजनगृहात त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत, सगळे गप्प होते. एका आजींनी चष्मा काढून डोळे पुसले. त्याच ऑलिम्पिकमध्ये फिन्त्सेन्त्स गायगर उडीनंतर अकरावा होता, जवळजवळ दीड मिनिट मागे, आणि त्याने सगळ्यांना गाठून सुवर्ण नेलं. ते आजही इथल्या दुकानात, बसथांब्यावर लोक एकमेकांना सांगतात.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की या प्रत्येक नावामागे ऑलिम्पिकचा दिवस आहे. विश्वचषकाच्या शर्यती दर हिवाळ्यात होतात, त्या बघणारे बघतात. पण ज्या घरात एरवी स्की कुणी बघत नाही, त्या घरातही एखादं नाव पोचतं ते चार वर्षांतून एकदा. टोमाचं, फ्रेंझेलचं, गायगरचं नाव असंच पोचलं. नतालीसाठी तो दिवसच तुम्ही दिनदर्शिकेतून काढून टाकला आहे.

24 जून 2022 ला तुम्ही निर्णय दिलात. 2026 मध्ये स्त्रियांचा नॉर्डिक कम्बाइंड घेणार नाही, पुरुषांचा ठेवू, आणि 2030 चं पुढे बघू. कारणं तीन दिलीत. मागच्या तीन ऑलिम्पिकमधली सत्तावीसच्या सत्तावीस पदकं चारच देशांनी वाटून घेतली होती. प्रेक्षकसंख्या सगळ्यात कमी होती. आणि स्त्रियांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तोवर एकदाच झाली होती. नताली तेव्हा सोळा वर्षांची होती.

पहिल्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. नॉर्वे, जर्मनी, जपान, ऑस्ट्रिया: आकडा खरा आहे. पण ती सत्तावीस पदकं पुरुषांची होती. पुरुषांच्या हिशेबाचं बिल मुलींच्या नावावर का फाडलंत? मुलींच्या विश्वचषकाची पहिलीवहिली शर्यत 18 डिसेंबर 2020 ला ऑस्ट्रियात रामसाऊला झाली आणि ती जिंकली अमेरिकेच्या तारा गेराटी-मोट्सने. त्यानंतरच्या हंगामांत इटलीच्या, फिनलंडच्या, जपानच्या, ऑस्ट्रियाच्या मुली विजयमंचावर चढल्या. नॉर्वे पुढे आहे, खूपच पुढे आहे, हे खरं. तरी गेल्या हंगामात नॉर्वेच्या इडा मारी हागेनसारखी धावपटू मागे लागलेली असतानाही विश्वचषक एका जर्मन खेड्यातल्या मुलीकडे आला. खेळ पसरतो तो असाच, एका नावाने एका देशात पाय रोवून.

आता त्या तारा गेराटी-मोट्सचं काय झालं ते पाहा. पहिल्या हंगामाची विजेती, या खेळाच्या इतिहासातलं स्त्रियांचं पहिलं नाव. ऑलिम्पिकची वाट दिसेना म्हणून ती खेळ सोडून बायथलॉनकडे, म्हणजे स्की आणि नेमबाजीच्या खेळाकडे गेली. इटलीची आनिका सीफ तर फिएमे खोऱ्यातलीच. येत्या फेब्रुवारीत नॉर्डिक कम्बाइंडच्या शर्यती याच खोऱ्यात, प्रेदाझ्झोच्या उडी-टेकडीवर आणि तेझेरोच्या मार्गावर व्हायच्या आहेत. विश्वचषकात मंचावर चढलेली ही मुलगी. ऑलिम्पिक तिच्या अंगणात येणार होतं आणि त्यात तिच्या खेळाला जागा नव्हती. तिने धावणं सोडलं आणि निव्वळ उडीचा खेळ धरला. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी माझी लेक असती तर मीही तेच सांगितलं असतं. अनेक देशांत सरकारचा पैसा ऑलिम्पिकचा शिक्का बघून मिळतो. शिक्का नाही तर प्रशिक्षक नाही, प्रवासखर्च नाही. म्हणजे तुम्ही दार लावलंत, दारामागच्या मुली दुसरीकडे गेल्या, आणि आता तुम्ही विचारता की या खेळात मुली कमी का?

नताली गेली नाही. माझ्या लेखी तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, त्या स्फटिकाच्या गोलापेक्षाही मोठी. सोळाव्या वर्षी तिला कळलं की विसाव्या वर्षीचं ऑलिम्पिक तिला नाही. तिने उडीही ठेवली, धावणंही ठेवलं.

एका हिवाळ्यात मी सुट्टी काढून शोनाखला विश्वचषकाची शर्यत बघायला गेले होते. श्वार्त्सवाल्डच्याच डोंगरातलं हे गाव. थंडी अशी की बोटं सुन्न. लांगेनवाल्डच्या टेकडीखाली माणसं गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवत उभी, पोरं बापाच्या खांद्यांवर. चढावर मुली आल्या की सगळा रस्ता ‘हॉप हॉप हॉप’ म्हणून ओरडायचा. नतालीला तर इथली म्हणून जास्तच. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई बेकरीतून आल्या होत्या, एप्रनवर पीठ तसंच होतं. त्या म्हणाल्या, एवढी शर्यत बघते आणि परत दुकान उघडते. प्रेक्षक मोजणाऱ्या यंत्रात त्या बाई कुठे असतील मला माहीत नाही. गेल्या काही हंगामांत शर्यतीच्या आधी या मुली काठ्या डोक्यावर उचलून फुली करून उभ्या राहतात. आम्हाला वगळू नका, एवढंच त्या फुलीचं म्हणणं. पुरुष खेळाडूही त्यांच्यासोबत उभे राहिले आहेत.

याच प्रदेशातली एक गोष्ट तुमच्या दप्तरात आहे, ती काढून बघा. स्की उडीचा खेळही 1924 पासून ऑलिम्पिकमध्ये होता आणि नव्वद वर्षं पुरुषांचाच होता. व्हँकुव्हरच्या वेळी मुलींना कोर्टात जावं लागलं, तरी 2010 मध्ये त्यांना उडी मारायला मिळाली नाही. शेवटी 2014 ला सोचीत तुम्ही दार उघडलंत. पहिलं सुवर्ण जिंकलं कारिना फोग्टने. ती इथून फार लांबची नाही, श्वेबिश ग्म्युंडजवळच्या डेगेनफेल्ड क्लबची. त्या दिवसापर्यंत तिने विश्वचषकाची एकही शर्यत जिंकलेली नव्हती. स्कीच्या वर्तुळाबाहेर कारिना फोग्ट कोण हे फारसं कुणाला माहीत नव्हतं, आणि रात्री साऱ्या जर्मनीच्या तोंडी तिचं नाव होतं. आधी लोकप्रिय होऊन या, मग उडी मारा, असं तिला कुणी सांगितलं असतं तर?

आणि आता मुंबई. 16 ऑक्टोबर 2023 ला तुम्ही लॉस एंजेलिस 2028 साठी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे खेळ घेतलेत. मी इथे रात्रपाळी करून घरी आले होते, बातमी ऐकून सांगलीला फोन लावला. बाबा अण्णांशी, म्हणजे माझ्या काकांशी, त्याच विषयावर बोलत बसले होते. आनंद मलाही झाला आणि तो खराच होता. पण क्रिकेटला बघणारे कोट्यवधी आहेत म्हणून दार उघडायचं आणि नॉर्डिक कम्बाइंडला बघणारे थोडे म्हणून दार लावायचं, हे एकाच तराजूत बसतं का? क्रिकेटला ऑलिम्पिकची गरज नव्हती. क्नीबिसच्या मुलीला आहे.

लोकप्रियता मागून येते, हे आम्हा मराठी माणसांनी अगदी अलीकडे पाहिलं आहे. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या सकाळपर्यंत माझ्या नातेवाइकांपैकी एकालाही हा प्रकार काय असतो ते सांगता आलं नसतं. संध्याकाळी सांगलीतली माझी मावशी मला फोनवर समजावत होती की आधी गुडघ्यावर बसून, मग आडवं पडून, मग उभं राहून नेम धरायचा. त्या प्रकाराला प्रेक्षक किती, असं पदकाआधी मोजलं असतं तर आमच्या गावचा आकडा शून्य भरला असता.

अध्यक्षबाई, आता थेट तुमच्याशी बोलते. झिम्बाब्वेला आजवर ऑलिम्पिकची आठ पदकं मिळाली आहेत. एक 1980 चं स्त्रियांच्या हॉकीचं, आणि उरलेली सातही तुमची. अथेन्सला आणि बीजिंगला 200 मीटर बॅकस्ट्रोकची सुवर्णं. जलतरणात झिम्बाब्वेचं नाव तुमच्याआधी कुणी घेत नव्हतं. किती देश या खेळात पदकं मिळवतात, किती लोक बघतात, असं विचारून तुम्हाला तलावाबाहेर ठेवलं असतं तर ती सात पदकं झाली नसती, आणि हरारेतल्या मुलींना तुमच्याकडे बघून पोहावंसं वाटलं नसतं. 130 वर्षांच्या तुमच्या संस्थेत अध्यक्षपदावर बसलेल्या तुम्ही पहिल्या स्त्री आहात. 2022 चा निर्णय तुमच्या कारकिर्दीतला नाही. 2030 चा मात्र तुमच्या सहीने होणार आहे.

एक गोष्ट मला खरंच समजत नाही, ती प्रामाणिकपणे विचारते. 2020 च्या युवा ऑलिम्पिकमध्ये, तुमच्या मुख्यालयाच्या लोझान शहराच्या नावाने झालेल्या स्पर्धेत, मुलींचा नॉर्डिक कम्बाइंड होता. ऑस्ट्रियाच्या लिसा हिर्नरने सुवर्ण जिंकलं, गळ्यात पदक तुमच्याच समितीचं पडलं. 2024 ला कोरियात गांगवॉनलाही मुलींचा खेळ होता. पंधरा-सोळा-सतराव्या वर्षी तुम्ही त्यांना पाच वर्तुळांचा झेंडा दाखवता आणि अठरावं लागलं की सांगता, पुढे रस्ता नाही. पॅरिसला स्त्री-पुरुषांच्या जागा समसमान केल्याचा अभिमान तुम्ही बाळगलात, तो रास्तच होता. मग या एकाच खेळातल्या मुली त्या समानतेबाहेर कशा?

माझं मागणं असं आहे. 2030 च्या फ्रेंच आल्प्समधल्या ऑलिम्पिकमध्ये नॉर्डिक कम्बाइंड ठेवा आणि त्यात स्त्रियांची निदान एक वैयक्तिक शर्यत घ्या. जागा कमी असतील तर पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या मिळून एक मिश्र सांघिक शर्यत घ्या. जागतिक अजिंक्यपदात ती होते, प्लानित्साला जर्मनीने तिच्यातही रौप्य मिळवलं आणि त्या संघात नताली होती. येत्या फेब्रुवारीतले प्रेक्षक मोजून दोघांचं भवितव्य ठरवू नका. निम्मा खेळ बाहेर ठेवून मोजलेला आकडा निम्माच येणार. मोजायचंच असेल तर आधी मुलींना एकदा खेळू द्या, मग मोजा. स्त्रियांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आता एकदा नव्हे, तीनदा झाली आहे: ओबर्स्टडॉर्फ, प्लानित्सा, ट्रॉन्डहाइम. 2022 चं ते कारण उरलेलं नाही. आणि नकारच द्यायचा असेल, तर किती देश आणि किती प्रेक्षक म्हणजे पुरेसे, तो आकडा आधी जाहीर करा. म्हणजे या मुलींना कळेल तरी, कुठवर धावायचं आहे ते.

2030 मध्ये नताली चोवीस वर्षांची असेल. उडी आणि दम दोन्ही भरात असण्याचं हेच वय. आमच्या भोजनगृहातले आजोबा तेव्हा पंच्याऐंशीचे होतील. हंगाम सुरू होतो आहे म्हणून त्यांनी कालच मला विचारलं की मुलींची शर्यत कधी आहे, आणि माझी पाळी त्या दिवशी दुपारची लावून घ्यायला सांगितली. मी लावून घेतली आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहते. कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
श्वार्त्सवाल्डमधील एक मराठी परिचारिका